गोळ्या गोदामात, ट्रक दारात आणि निघायला परवानगी नाही: परदेशी आरोग्य-निधीच्या कपातीबद्दल

विश्रामबागकर

माझा भाचा मूळचा सांगलीचाच. गेली सहा वर्षे तो झांबियात लुसाका येथे एका औषधपुरवठा प्रकल्पाचे गोदाम सांभाळत होता. प्रकल्पाचा जवळजवळ सगळा पैसा अमेरिकी सरकारचा होता. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत ९० दिवस गोठवण्याचा आदेश काढला आणि त्याच आठवड्याच्या शेवटी भाच्याच्या हातात ‘काम थांबवा’ असे पत्र पडले. त्या वेळी दोन ट्रक भरून उभे होते. एकात एचआयव्हीच्या गोळ्या होत्या, दुसऱ्यात मलेरियाच्या तपासणीचे संच. ट्रक पाठवायचा नाही हे त्याला समजले. पण माल परत उतरवून घेऊ का असे विचारल्यावर, उतरवणे हेसुद्धा कामच असल्यामुळे तेही करू नये, असे उत्तर आले. दोन्ही चालक तीन रात्री केबिनमध्ये झोपले.

पुढे जीवरक्षक औषधांना सूट असल्याचे जाहीर झाले, परंतु बिले मंजूर करणारी माणसेच घरी बसवलेली असल्याने त्या सवलतीचा उपयोग फारसा झाला नाही. मार्चमध्ये यूएसएडचे, म्हणजे परदेशी मदत वाटणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे, सुमारे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी सांगितले आणि १ जुलैला ती संस्थाच परराष्ट्र खात्यात विसर्जित झाली. १९६१ साली केनेडींच्या काळात उभी राहिलेली ही यंत्रणा सहा महिन्यांच्या आत मोडीत निघाली.

भाचा आता घरी आला आहे आणि आमच्याकडे रोज रात्री जेवताना एकच वाद होतो. परक्या देशातील रोग्यांवर कोणत्याही सरकारने आपल्या करदात्यांचा पैसा का खर्च करावा? आणि एकदा खर्च सुरू केला, तर तो थांबवण्याचा हक्क त्याला कितपत उरतो? या चर्चामंचावर वैद्यकीय क्षेत्रातील, तसेच मदत घेतलेली आणि दिलेली मंडळी आहेत, म्हणून विचारतो.

शंकेखोर

आपल्या भाच्याविषयी सहानुभूती आहे, पण पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे: करू नये. पैसा त्यांचा, मर्जी त्यांची. आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी २००१ साली अबुजा येथे अर्थसंकल्पाचा १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचे ठरवले होते; पाव शतक होत आले तरी बहुतेकांनी तो दिलेला नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय लागली की घरची विहीर खणायचे राहून जाते. आपल्याकडेही २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सकल उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्चाचे आश्वासन २०२५ सालासाठी होते. ते कुठे आहे, हे आधी विचारावे.

अजिंक्यतारा

शंकेखोर, मर्जी त्यांची हे मान्य. फक्त आकड्यांचे भान असावे म्हणून लिहितो. अमेरिकेची संपूर्ण परदेशी मदत त्यांच्या अर्थसंकल्पाच्या साधारण १ टक्का होती, आणि त्यात आरोग्याचा वाटा आणखी कमी. दात कोरून पोट भरत नाही, हे कोणत्याही हिशेबनिसाला कळते. शिवाय हात आखडणारी अमेरिका एकटी नाही. ब्रिटनने २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, संरक्षणखर्च वाढवण्यासाठी, २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेला २०२६-२७ चा खर्चाचा अंदाज ५३० कोटी डॉलरवरून ४२० कोटींवर उतरवावा लागला. लसीकरणासाठी निधी देणाऱ्या ‘गावी’ने पाच वर्षांसाठी ११९० कोटी डॉलर मागितले होते, जून २०२५ च्या ब्रसेल्सच्या परिषदेत नऊशे कोटींच्या वर थोडे जमले, आणि अमेरिकेने तर यापुढे काहीच देणार नसल्याचे तिथेच कळवले.

निवृत्त_हिवतापवाला

मी सातारा जिल्ह्यात हिवताप विभागात बहुउद्देशीय कर्मचारी म्हणून १९७७ पासून नोकरी केली. माझे वडील त्याच विभागात फवारणी कामगार होते. त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे दगावत. १९५३ मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. डी.डी.टी.ची पावडर, पंप आणि जीपगाड्या यांत अमेरिकी मदतीचा मोठा भाग होता. पाटण खोऱ्यात वडील पाठीवर पंप घेऊन डोंगरातल्या वाड्यांवर चालत जात. घर फवारून झाले की दाराशेजारी भिंतीवर गेरूने तारीख लिहीत, आणि पुढच्या फेरीला आलेला पर्यवेक्षक आधी ती तारीख पाहून मगच घरात शिरे. लोक दिवाळीला भिंत सारवत, पण तेवढी तारखेची वीतभर जागा सोडून सारवत, कारण ती पुसली तर सरकार पुन्हा फवारायला येईल आणि पुन्हा सगळी भांडी अंगणात काढावी लागतील.

१९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले होते. मग सगळ्यांनाच वाटले की काम संपले. बाहेरची मदत आटली, आपल्या सरकारचे लक्ष दुसरीकडे गेले, पावडर वेळेवर येईनाशी झाली, डासही डी.डी.टी.ला सरावले. १९७६ साली देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. मला नोकरी लागली ती याच लाटेमुळे, हे कबूल केले पाहिजे. पैसा थांबणे हे एकच कारण नव्हते, आणि मी तसे म्हणणारही नाही. पण रोग शेवटच्या लाखावर आलेला असताना हात काढून घेतला तर तो तिथे थांबत नाही, हे मी रक्तनमुन्यांच्या काचपट्ट्या मोजून पाहिले आहे. एका वाडीत एकाच दिवशी मी ४१ जणांच्या बोटाला सुई टोचली होती. त्याआधीच्या रजिस्टरमध्ये त्या वाडीपुढे कित्येक वर्षे नुसते शून्य होते.

पेठेतला_पुणेरी (सध्या सातारकर)

काका, आमची आजी सांगायची की डी.डी.टी.ने डास किती मेले ते देव जाणे, पण ढेकूण मेले म्हणून लोक फवारणीवाल्यांना चहा पाजत. आणि पुढे ढेकूण मरेनासे झाले तेव्हा दार लावून घेऊ लागले.

निवृत्त_हिवतापवाला

आजीचे निरीक्षण बरोबर आहे. कार्यक्रमाचे मूल्यमापन ढेकणांवरूनच होत असे.

जतची_लेक

काकांनी भिंतीवरच्या तारखेचे लिहिले म्हणून मला लिहावेसे वाटले. मी सांगली जिल्ह्यात एचआयव्हीच्या कामात बारा वर्षे क्षेत्र कार्यकर्ती होते. पहिली काही वर्षे आमच्या प्रकल्पाला परदेशी निधी होता. तो टप्प्याटप्प्याने संपला आणि काम सरकारी योजनेकडे गेले. शंकेखोर साहेब म्हणतात ती घरची विहीर आपल्या देशाने या बाबतीत खरोखर खणली आहे. १ एप्रिल २००४ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सरकार मोफत देते, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या टप्प्याचे १५,४७१.९४ कोटी रुपये केंद्राच्या तिजोरीतले आहेत. म्हणूनच यूएसएड बंद झाल्यावर सिव्हिलमधल्या खिडकीसमोरची रांग थांबली नाही.

परंतु निधी गेला तेव्हा काय गेले, तेही सांगते. आमच्याकडे जत भागातल्या एक काकू होत्या. नवरा गेल्यावर सासरी दिराच्या घरात राहत. त्यांच्या गोळ्या नियमित चालू असल्याचे रजिस्टर सांगत होते, तरी तब्येत ढासळत होती. मी घरी गेले, शेळी बघायला आलेली बाई म्हणून ओट्यावर बसले, आणि अर्ध्या तासाने गोठ्यात गेल्यावर त्यांनी सांगितले की गोळ्यांची बाटली हलली की खुळखुळ वाजते आणि जाऊबाई विचारते हे काय. म्हणून त्या केंद्रावरून निघाल्या की एसटी स्टँडवरच बाटली टाकून देत आणि गोळ्या लुगड्याच्या पदरात गाठ मारून आणत. पावसाळ्यात घामाने आणि पाण्याने त्यांचा लगदा होई. उपाय अगदी साधा निघाला: बाटलीत कापूस भरायचा. तो सांगायला मात्र कुणीतरी गोठ्यापर्यंत जावे लागले.

नव्या व्यवस्थेत गोळ्या तशाच राहिल्या, आमच्या गृहभेटी आणि प्रवासखर्च कमी झाले. मला वाटते झांबियातही असेच होईल. गोळी विकत घ्यायला कुणीतरी पुढे येईल, कारण गोळी मोजता येते. गोठ्यापर्यंत जाणाऱ्या बाईचा पगार कुणाच्या अंदाजपत्रकात बसणार, हा प्रश्न आहे.

विट्याचा_गलाईवाला

ताई, आमच्या गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यात खानापूर-आटपाडीची पोरे तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. टीबी झाला की पहिले दोन महिने तिथे उपचार, बरे वाटले की गावी यात्रेला, आणि मग ना तिथले रजिस्टर ना इथले. रोगाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, मग देशाची कशी कळेल? शंकेखोर साहेबांच्या ‘का खर्च करावा’ याचे माझ्यापुरते उत्तर एवढेच आहे.

शंकेखोर

गलाईवाले, हा युक्तिवाद मी कोविडपासून ऐकतो आहे आणि तो अर्धाच खरा आहे. लुसाकातील एचआयव्ही रुग्ण औषधाविना राहिला म्हणून ओहायोतल्या शेतकऱ्याला काही होत नाही. मदत द्यायची तर दयेपोटी देतो असे स्पष्ट म्हणावे, स्वार्थाचा मुलामा कशाला? जतच्या ताईंचा अनुभव मात्र मला मान्य आहे. त्यांचे लिहिणे वाचून मी चहा गार केला.

माणदेशी_माणूस

दयेवरून आठवले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या म्हसवडकडे अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची आणि शाळेत सुकडी मिळायची. सुकडी आम्ही खिशात भरून घरी आणायचो. मिलोची भाकरी मात्र आमच्या वडिलांनी एकदाच खाल्ली आणि म्हणाले, ही त्यांच्याकडे जनावरे खातात. ते खरेच होते, कारण तिकडे मिलो हे मुख्यतः पशुखाद्य. पण ती दिली नसती तर आमच्या घरातली जनावरे आणि माणसे यांतला फरक त्या वर्षी उरला नसता, हेही वडीलच म्हणायचे. अमेरिकी शेतकऱ्याच्या जादा धान्याला गिऱ्हाईक हवे होते, आम्हाला पोट होते. यात दया किती आणि स्वार्थ किती, हे ठरवायला कुणी थांबले नाही.

पेठेतला_पुणेरी (सध्या सातारकर)

आणि अमेरिकी धान्याबरोबर गाजरगवत आले असे म्हणतात. ते मात्र कोणत्याही कपातीत बंद झाले नाही.

कुपवाड_एमआयडीसी

शंकेखोर, दया आणि स्वार्थ यांच्या मधला एक तिसरा प्रकार आपल्या देशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मी औषध कंपन्यांना लागणारे पॅकिंगचे साहित्य पुरवतो. २००१ पूर्वी एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च दर रुग्णामागे दहा हजार डॉलरच्या पुढे होता. त्या वर्षी सिप्लाच्या युसुफ हमीदांनी तोच उपचार ३५० डॉलरला देऊ केला. तो भाव ऐकून जगाला पहिल्यांदा वाटले की हे परवडू शकेल, आणि २००३ मध्ये धाकट्या बुश यांनी पाच वर्षांसाठी १५०० कोटी डॉलरचा पेपफार हा परदेशांतील एचआयव्हीविरोधी मदतीचा कार्यक्रम मांडला. या कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवले असे अमेरिकी सरकारच सांगत आले आहे. २०१७ मध्ये ‘टीएलडी’ या तीन औषधांच्या एकत्रित गोळीच्या उपचाराचा भाव वर्षाला ७५ डॉलर ठरला, २०२३ पर्यंत तो ४५ च्या खाली आला. भाव उतरला कारण कुणीतरी एकगठ्ठा, वर्षानुवर्षे खरेदी करण्याची हमी दिली होती. गरीब देशांत वापरली जाणारी ही औषधे बहुतांशी भारतात तयार होतात. लसींचेही तसेच, पुण्याच्या सीरमची मेनिंजायटिसची लस २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली ती अर्ध्या डॉलरहून कमी किमतीला.

तेव्हा अमेरिकेने वॉशिंग्टनमध्ये सही थांबवली की आमच्या खोक्यांची ऑर्डरसुद्धा थांबते. गेल्या वर्षी एका गिऱ्हाईकाने छापून तयार असलेली फ्रेंच मजकुराची खोकी उचललीच नाहीत. फ्रेंच लेबलाच्या खोक्यात मी आता कुणाचे औषध घालणार? माझ्या पुतण्याने त्यात बेदाणे भरून पाहिले. बेदाणा उत्तम मावतो, पण खोक्यावर ‘मुलांपासून दूर ठेवा’ असे लिहिलेले आहे.

कृष्णामाई_काठी

धाग्यात अजून कुणी आपल्या सांगलीचाच दाखला कसा दिला नाही, याचे आश्चर्य वाटते. २००३ च्या अमेरिकी कायद्यात एक अट होती की निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी भूमिका स्वीकारली पाहिजे. सांगलीतील ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून गोकुळनगरसारख्या वस्त्यांतील स्त्रियांबरोबरच काम करत होती आणि त्या स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली होती. ज्यांच्या बरोबरीने निरोध वाटायचे त्यांच्याच विरोधात कागदावर सही कशी करायची? २००५ मध्ये संस्थेने सही केली नाही आणि अमेरिकी पैसा सोडला. त्याच वर्षी ब्राझीलनेही याच अटीवरून ४ कोटी डॉलर नाकारले. मुद्दा असा की मदत एका सहीने बंद करता येते हे आपल्याला २०२५ मध्ये कळले असे मानू नये. देणाऱ्याची दोरी पहिल्यापासून त्याच्याच हातात होती.

शंकेखोर

कृष्णामाई, हे तर माझ्याच बाजूचे उदाहरण झाले.

कृष्णामाई_काठी

पूर्णपणे नाही. संस्था पैसा सोडू शकली, कारण तिच्यामागे वस्तीतल्या बायकांची स्वतःची संघटना होती आणि इतर देणगीदारही होते. ज्या दवाखान्याला एकच देणगीदार असतो त्याला असा बाणेदारपणा परवडत नाही. हैदराबादचे ‘मित्र’ क्लिनिक, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०२१ मध्ये सुरू झालेले देशातले पहिले, जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर बंद पडले. त्याच नावाची ठाणे आणि पुण्यातली केंद्रेही. सरकारी दवाखान्याची दारे त्या लोकांना उघडी होतीच, पण उघड्या दारातून आत जाताना रांगेतली माणसे कशी पाहतात हे ज्यांनी सोसले आहे, त्यांच्यासाठी ते क्लिनिक होते.

मिरजेचा_सतारमेकर

आमच्या मिरजेत तर दवाखान्यांची परंपराच परदेशी देणगीतून उभी राहिली. डॉ. वानलेस हे मूळचे कॅनडाचे, अमेरिकी प्रेस्बिटेरियन मिशनचे. त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढले आणि पुढे क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम जिथे झाले त्या वस्तीलाच वानलेसवाडी नाव पडले. माझे पणजोबा तिथल्या रुग्णांसाठी खाटांच्या पट्ट्या विणत. पण तो पैसा चर्चच्या थाळीत पडलेला होता, सरकारचा नव्हता, त्यामुळे निवडणूक झाली म्हणून आटत नसे. शिवाय मिशनने इथल्याच मुलांना डॉक्टर आणि परिचारिका केले. पैसा गेला तरी ती माणसे राहिली, आणि मिरजेत आजही दर चार घरांमागे एक दवाखाना आहे तो त्या मुळातून.

अजिंक्यतारा

सतारमेकर, हा फरक महत्त्वाचा आहे आणि त्याची दुसरी बाजूही पाहावी. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीच्या खर्चात पेपफारचा वाटा सुमारे १७ टक्केच होता, औषधे ते सरकार स्वतः घेते. तरीही हजारो समुपदेशक आणि क्षेत्र कर्मचारी घरी बसले, म्हणजे जतच्या ताईंनी सांगितले तेच. नायजेरियाच्या संसदेने २०२५ च्या अर्थसंकल्पात आरोग्यासाठी २० कोटी डॉलर घाईने वाढवले. विहीर खणायला सुरुवात झाली आहे, शंकेखोर, पण तहान आजची आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की ही कपात टिकली तर २०३० पर्यंत १ कोटी ४० लाख जादा मृत्यू होतील. अंदाजच आहे, त्यात गृहीतके आहेत. तो निम्मा चुकला असे धरले तरी उरणारा आकडा आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या एकत्रित लोकसंख्येहून मोठा भरतो.

शंकेखोर

माझी भूमिका थोडी दुरुस्त करतो, आणि ती कुणाच्या आकड्यांमुळे नाही. विश्रामबागकरांनी दोन प्रश्न विचारले होते आणि मी पहिल्याचेच उत्तर देत बसलो. मदत देणे हे कर्तव्य नाही, असे मला अजूनही वाटते. परंतु माझे दुकान भाड्याच्या जागेत आहे, आणि मालकाला मला काढायचे असेल तर त्याला लेखी नोटीस आणि ठरलेली मुदत द्यावी लागते. जागा त्याचीच असूनही. दुकान हलवायला मला तीन महिने मिळत असतील, तर रोज एक गोळी घ्यावी लागणाऱ्या माणसाला एका शुक्रवारी संध्याकाळी पत्र पाठवून मोकळे होणे हे वागणे मी मालकाकडूनही खपवून घेतले नसते. पाच वर्षांचे वेळापत्रक द्यायचे, दरवर्षी हिस्सा कमी करायचा, तिथल्या सरकारकडून तेवढी भर घालून घ्यायची. आपल्याकडे ताईंचा प्रकल्प टप्प्याटप्प्याने संपला, तसे.

जतची_लेक

साहेब, टप्प्याटप्प्याने संपला तरी गोठ्यापर्यंत जाणारे कुणी उरले नाही, हेही त्या वेळापत्रकात लिहा.

निवृत्त_हिवतापवाला

आणि शेवटच्या लाख रुग्णांचा टप्पा सर्वांत महाग असतो, हेही लिहा. पहिल्या कोटीला पंप पुरतो, शेवटच्या माणसापर्यंत चालावे लागते.

विश्रामबागकर

सर्वांचे आभार. काल रात्री हा सगळा धागा भाच्याला वाचून दाखवला. शंकेखोरांच्या नोटिशीच्या मुद्द्यावर तो म्हणाला की त्यांच्या प्रकल्पाच्या करारातही मुदतीचे कलम होते. ते वाचायला कार्यालयात कुणी शिल्लक नव्हते. त्या दोन ट्रकांचे मी विचारले. गोळ्यांचा ट्रक अखेर स्थानिक जिल्हा रुग्णालयाने स्वतःचे डिझेल घालून नेला. दुसऱ्याचे काय झाले ते त्याला कळले नाही.

एक गोष्ट त्याने आजवर सांगितली नव्हती. गोदामातल्या शीतगृहाचे तापमान आठ अंशांच्या वर गेले की जबाबदार माणसाच्या मोबाइलवर संदेश येण्याची सोय होती, आणि त्या यादीतून त्याचा क्रमांक काढायचे कुणाच्या लक्षात आले नाही. सांगलीत परतल्यावरही कधी पहाटे, कधी जेवताना संदेश येत राहिले: नऊ अंश, अकरा अंश. तो तिकडच्या जुन्या चौकीदाराला फोन करी, आणि चौकीदार जाऊन जनरेटर लावी. मे महिन्यात एके दिवशी १९ अंशांचा संदेश आला आणि चौकीदाराचा फोन लागला नाही. त्यानंतर संदेश आलेला नाही. भाच्याने अजून ते सिमकार्ड बदललेले नाही.